खुब्यातून उघडायचं, पावलातून नाही

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. तीन वर्षं भरतनाट्यम शिकते आणि गेले सहा महिने बॅलेलाही जाते. पाचव्या पोझिशनमध्ये पावलं पुरेशी उघडत नाहीत म्हणून घरी ती पाय दाबून उभी राहते आणि रात्री गुडघे दुखतात म्हणते. या पोझिशन नेमक्या कशा असतात? शिवाय टोकावर नाचायच्या बुटांसाठी हट्ट धरून बसली आहे. ते कधी घ्यावेत? – एक आई, ठाणे

उत्तर : ताई, ते पाय दाबणं आजपासून बंद करा. बाकी सगळं नंतर.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण सोळाव्या वर्षी मीही तेच केलं होतं. गुडघे वाकवायचे, पावलं जमिनीवर हवी तेवढी फिरवून घट्ट रोवायची आणि मग गुडघे सरळ करायचे. आरशात पाचवी पोझिशन अगदी चित्रातल्यासारखी दिसायची आणि क्लासमध्ये शाबासकीही मिळायची. वर्षभरात उजवा गुडघा आतल्या बाजूने सुजला आणि पाच महिने नाच बंद झाला. पुण्यात शिकवायला लागून मला १९ वर्षं झाली, पण नवी मुलगी आली की मी अजूनही आधी तिचे गुडघे बघते, पावलं नंतर.

बॅलेतला पाय खुब्याच्या सांध्यातून बाहेर फिरतो. मांडी फिरली की गुडघा फिरतो आणि त्याच्यामागून पाऊल. खुबा किती उघडेल हे बरंचसं हाडांच्या ठेवणीवर असतं, ते दाबून बदलत नाही. पाऊल खुब्याच्या पुढे पळालं, की मधला पीळ गुडघ्याला सोसावा लागतो.

आज संध्याकाळी तिला अनवाणी, पहिल्या पोझिशनमध्ये उभी करा : टाचांना टाचा लागलेल्या, चवडे बाहेर. आता जरा वाकायला सांगा आणि समोर जमिनीवर बसून बघा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत येते का? ती अंगठ्याच्या आत झुकत असेल, तळपायाची कमान कोसळून करंगळी उचलली जात असेल, तर पावलं थोडी मिटवा. कोन छोटा दिसेल, दिसू दे. या वयात तोच तिचा खरा कोन आहे.

उरलेल्या पोझिशन याच उभ्या राहण्यातून निघतात. दुसरीत टाचांमध्ये साधारण एका पावलाचं अंतर. तिसरीत पुढची टाच मागच्या पावलाच्या मध्याला टेकते. चौथीत एक पाऊल पुढे, मध्ये मोकळी जागा. पाचवीत पुढची टाच मागच्या पायाच्या बोटांशी येते. या पाचांची बांधणी १७व्या शतकातल्या फ्रान्समध्ये झाली. राजा चौदाव्या लुईने १६६१मध्ये पॅरिसला नृत्याची राजसंस्था काढली, त्याच्याच दरबारातल्या पिएर बोशां या नृत्यगुरूच्या नावावर या पोझिशन जमा आहेत. त्या काळी पावलं आजच्याइतकी उघडतही नसत. तेव्हा तुमच्या मुलीने सध्या तिसरीतच सराव करावा. त्यात काहीही कमीपणा नाही, लहान मुलांना पाचवीकडे तिसरीतूनच नेतात.

भरतनाट्यमचा तिला फायदा होईल, फक्त एका जागी सवय आड येते. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवलेल्या अर्ध्या बैठकीत, ती बसते आणि अडवू (भरतनाट्यमचा मूळ पदन्यास) संपेपर्यंत तिथेच राहते. बॅलेतल्या प्लीएत, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाण्यात, असं बसायचं नसतं. खाली जाणं आणि वर येणं हा एकच सलग प्रवास, तळाशी थांबा नाही. अर्ध्या प्लीएत टाचा जमिनीलाच राहतात. पूर्ण प्लीएत त्या शेवटी उचलतात, दुसऱ्या पोझिशनमध्ये मात्र तेव्हाही नाही. प्रत्येक उडी प्लीएतून निघते आणि प्लीएतच उतरते, म्हणून मी त्यावर इतकी अडून बसते.

घरी सराव करायचाच असेल तर तांद्यू, म्हणजे पाय ताणत पाऊल जमिनीवरून सरकवणं, करू द्या. मोजे घालून, ओट्याच्या कडेवर हात नुसता ठेवून. खुर्चीची पाठ नको, ती ओढली जाते. पाऊल जमिनीवरून सरकवताना आधी टाच सुटते, मग चवडा, बोटांची टोकं शेवटपर्यंत जमिनीला. परत येताना बोटं, चवडा, टाच. फरशी पुसल्यासारखा आवाज आला पाहिजे. दोन्ही पायांनी आठ-आठ वेळा, बस.

आणि बूट आत्ता नाहीत. ११-१२ वर्षांच्या आधी आणि काही वर्षांच्या नियमित सरावाआधी ते देऊ नयेत. पावलांची हाडं अजून वाढताहेत, घोट्यात बळ यायचंय. वेळ आली की शिक्षकांबरोबर जाऊन, पायात घालून घ्या. रोजच्या चपलेच्या नंबरावर ऑनलाइन मागवू नका. आणि गुडघेदुखी दोन आठवड्यांत थांबली नाही, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी ४१व्या वर्षी बॅले शिकायला लागलो आहे. वर्गातले फ्रेंच शब्द ऐकूनच गोंधळ उडतो. पाठ कसे करावेत? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, पाठ करू नका, अर्थ धरा. बहुतेक शब्द पायाने काय केलं तेवढंच सांगतात. प्लीए म्हणजे दुमडलेला, तांद्यू ताणलेला, जते फेकलेला, फ्रापे ठोकलेला, फोंद्यू वितळलेला. पा द शा म्हणजे मांजरीचं पाऊल : दोन्ही गुडघे एकापाठोपाठ उचलून बाजूला घेतलेली हलकी उडी, आणि उतरताना आवाज नाही.

फोंद्यू मुद्दाम करून बघा. एक पाय जमिनीवर, दुसऱ्याची बोटं घोट्याशी, आणि दोन्ही गुडघे वाकलेले. आता दोन्ही एकदमच सरळ व्हायला हवेत. बहुतेकांचा जमिनीवरचा पाय आधी सरळ होतो आणि वरचा मागे राहतो. तसं झालं, तर पुढच्या वेळी दुप्पट सावकाश करा.