१९९९ च्या बॉक्सिंग लढतीत दे ला होयावर अन्याय झाला होता का?

प्रश्न: "दे ला होया आणि ट्रिनिदाद दोघेही अपराजित होते, दोघांकडे जागतिक पट्टा होता. लढत दे ला होयाने जिंकली असं सगळे म्हणतात, मग निकाल उलटा कसा लागला? अशा लढतीत जज नेमकं काय बघतात?"

अन्याय झाला नाही. मी राउंडवार गुण मांडले त्या कागदावर बारा राउंडची बेरीज दे ला होयाच्या बाजूने ११५-११३ येते, तरीही माझं उत्तर हेच आहे.

लढत १८ सप्टेंबर १९९९ ची, लास व्हेगासच्या मँडले बे मध्ये. वेल्टरवेट गट, १४७ पौंड. ऑस्कर दे ला होया ३१ पैकी ३१ जिंकून आलेला, डब्ल्यूबीसी या जागतिक संघटनेचा पट्टा त्याच्याकडे. पोर्तो रिकोचा फेलिक्स ट्रिनिदाद ३५ पैकी ३५, आयबीएफ या दुसऱ्या संघटनेचा पट्टा १९९३ पासून त्याच्या कमरेला. ट्रिनिदादच्या ३० लढती नॉकआउटवर संपलेल्या, पण त्या रात्री सुरुवातीचे कितीतरी राउंड त्याचा डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) हवेतच फिरत होता. दे ला होया जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकायचा, मागून दोन-तीन पंच, म्हणजे ठोसे, द्यायचा आणि समोरच्याचा हात यायच्या आत बाजूला सरकलेला असायचा. नेमक्या लागलेल्या ठोशांची मोजणीही तेच सांगते: दे ला होया २६३, ट्रिनिदाद १६६. ज्यांना अन्याय झाला असं वाटतं ते हा आकडा घेऊन बसतात. पण बेरीज बारा राउंडची एकत्र करून काय उपयोग? गुण प्रत्येक राउंडचे वेगळे देतात. पाचव्या राउंडमध्ये तीस पंच जास्त मारले म्हणून त्यातले दहा अकराव्याच्या खात्यात टाकता येत नाहीत.

शेवटचे तीन राउंड दे ला होया नुसता रिंगभर फिरला. लढत खिशात आहे, आता धोका नको, असं त्याच्या कॉर्नरला, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यातल्या त्याच्या प्रशिक्षकांना, वाटत होतं. त्यालाही तेच वाटलं. तीन जजपैकी जेरी रॉथने ११५-११३ आणि बॉब लोगिस्टने ११५-११४ असे गुण ट्रिनिदादला दिले, ग्लेन हमादाने ११४-११४ बरोबरी दिली. संपलं.

आता हा प्रश्न वाचून मी का पेटलो ते सांगतो. माझा धाकटा भाऊ बॉक्सिंग करायचा. त्याच्या राज्य स्पर्धेच्या सेमीफायनलला कॉर्नरमध्ये आमचे सर होते आणि त्यांच्या हाताखाली मी. समोरचा मुलगा बुटका, दणकट, हनुवटी छातीला लावून आत घुसणारा. माझा भाऊ उंच, हात लांब. पहिला राउंड साफ आमचा, त्यात वाद नाही. दुसऱ्यात त्या मुलाने त्याला दोनदा दोराला लावून बरगड्यांवर ठोकलं. भावानेही उत्तरं दिली, चांगली दिली, पण मागे जाता जाता दिली. रिंगच्या खालून मला तो राउंड कोणाचा ते ठरवता येत नव्हतं. टेबलाशी बसलेल्या पाच जजना तो कसा दिसला असेल, कोण सांगणार?

एक मिनिटाचा ब्रेक. मी भावाचं गमशील्ड (दातांवरचं कवच) काढून बाटलीच्या पाण्याने धुतलं. थुंकीला गुलाबी रंग होता, ओठ आतून फाटला होता. सर त्याच्या गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "दोन्ही राउंड आपले आहेत. आता लांब राहा. भिडू नकोस, वेळ काढ." मी म्हटलं, "सर, दुसऱ्याचं नक्की नाही. जॅब तरी टाकत राहू दे त्याला." सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू पाणी बघ."

कॉर्नरमध्ये एकाचंच चालतं. भावाने सरांचं ऐकलं, त्याने तेच करायला हवं होतं. पण तिसऱ्या राउंडला तो नुसता गोल फिरला. तो मुलगा त्याच्या पाठलागावर, हात चालूच. बरेचसे पंच भावाच्या ग्लोव्हजवर, दंडावर, पण बघणाऱ्याला एकच मुलगा लढताना दिसत होता. निकाल ३-२, आमच्या विरुद्ध. रेफ्रीने दोघांची मनगटं धरली होती. लाल कॉर्नरचं नाव पुकारलं तेव्हा भावाने मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. सरांकडे नाही.

परतीच्या प्रवासात सर गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जजनी खाल्लं आपल्याला." तेव्हापासून हा विषय निघाला की त्यांचं एकच उदाहरण असतं: "अरे, ऑस्करला व्हेगासमध्ये लुटला, तिथे आपलं काय!" मी ती लढत मुद्दाम शोधून, कागद-पेन घेऊन, राउंडवार बघितली ती त्यामुळेच. आणि माझं ठाम मत झालं की ते उदाहरण सरांच्या बाजूचं नाहीच, माझ्या बाजूचं आहे. चुरशीचे राउंड आपल्याच खात्यात पडले असं गृहीत धरून ज्याने शेवट सोडून दिला, त्याला नंतर जजच्या नावाने बोलायचा हक्क नाही. कॉर्नरमधल्या माणसाने "तू जिंकलास" हे शब्द शेवटची घंटा होईपर्यंत तोंडातून काढू नयेत. मुलगा दमलेला असतो, त्याला तेच ऐकायचं असतं. तो लगेच विश्वास ठेवतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवर ताबा, बचाव. राउंड जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९, खाली पडला तर ८. दोघे अपराजित असले म्हणून वेगळा नियम नसतो. "चॅम्पियनकडून पट्टा हिसकावून घ्यावा लागतो" हे बोलणं तर निव्वळ फालतू आहे. वेगवेगळ्या संघटनांचे पट्टे एकाकडे आणणाऱ्या अशा एकत्रीकरणाच्या लढतीत दोघेही चॅम्पियन, मग कोणी कोणाकडून हिसकवायचा? अशा लढती एका राउंडवर ठरतात हे मात्र खरं. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये युक्रेनचा ऑलेक्झांडर उसिक आणि ब्रिटनचा टायसन फ्युरी, दोघेही अपराजित, हेवीवेटचे चारही पट्टे पणाला. नवव्या राउंडमध्ये फ्युरी दोरांवर आदळत राहिला आणि रेफ्रीने आकडे मोजले, म्हणजे तो खाली पडल्यासारखंच धरलं आणि त्या राउंडला त्याला ८ मिळाले. निकाल उसिकच्या बाजूने ११५-११२ आणि ११४-११३, फ्युरीच्या बाजूने ११४-११३. ते आकडे मोजले नसते तर एका जजकडे ११४-११४ झाले असते आणि लढत बरोबरीत सुटली असती. इतका बारीक फरक असताना तीन राउंड सोडून द्यायचे?

एक मात्र लिहायला हवं. पायांवर खेळणं वाईट, असं मी म्हणत नाही. उसिक अख्खी लढत पायांवर खेळतो, पण त्याचा हात थांबत नाही. दे ला होयानेही सुरुवातीला हेच केलं आणि ते राउंड मी त्यालाच दिले. ट्रिनिदादही पहिल्या नऊ राउंडमध्ये फार काही करत नव्हता, माझ्याकडे त्याला त्यातले दोनच मिळाले. त्यामुळे कोणी ही लढत दे ला होयाला दिली तर मी भांडणार नाही, मीही दिलीच आहे. भांडण "लुटला" या शब्दाशी आहे. दुर्दैवाने दोघांची दुसरी लढत कधी झालीच नाही. ट्रिनिदाद वरच्या वजनात गेला, दे ला होया जून २००० मध्ये शेन मोस्ली या बॉक्सरकडून हरला.

लढत पुन्हा बघणार असाल तर दहावा, अकरावा आणि बारावा राउंड कॉमेंट्रीचा आवाज बंद करून बघा. माझ्याकडे तिन्ही ट्रिनिदादचे आहेत. तुम्हाला त्यातला एकही दे ला होयाला द्यावासा वाटला, तर त्याच्या कोणत्या पंचासाठी दिला ते खाली लिहा.