भाचा अमेरिकेहून फोन आणतोय? आधी विचारा, सिमचा ट्रे आहे का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा दिवाळीला न्यू जर्सीतल्या एडिसनहून साताऱ्याला येतोय, आयफोन १७ तिकडे स्वस्त पडतो म्हणतोय, घरात सगळ्यांची कार्डं जिओची आहेत. फोन इथे चालेल का, आणि मागवावा का?

चालेल. पण तुमचं कार्ड त्यात जाणार नाही, कारण ते घालायला जागाच नाही. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन २०२२ पासून, म्हणजे १४ पासून, फक्त ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच बसवलेल्या, कार्ड न लागणाऱ्या सिमवर चालतात. १७ मध्ये तर दुबई, सौदी, कतार, जपान, कॅनडा इकडचे फोनही त्याच पंगतीत बसले. त्यामुळे 'अमेरिकेचा नको, दुबईवाल्या मित्राकडून मागवतो' ही पळवाट आता बंद झाली. कुठला फोन कुठल्या देशाचा, हे खोक्यावरच्या मॉडेल नंबरच्या शेवटी लिहिलेलं असतं: एलएल/ए अमेरिका, जे/ए जपान, एचएन/ए आपला.

नेटवर्कची काळजी आयफोनपुरती सोडून द्या. जिओला टू-जी, थ्री-जी नाहीच, त्यामुळे साधा कॉलसुद्धा व्होल्टेवर, म्हणजे फोर-जीच्या डेटावरून जातो. आयफोनमध्ये ते आपोआप चालू होतं. जिओचे फोर-जीचे ३, ५ आणि ४० हे बँड (नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) आणि फाइव्ह-जीचे एन२८, एन७८ हे सगळे १७ मध्ये आहेत.

खरी गोम दुसरीकडे आहे. भाच्याला विचारा की फोन तो पूर्ण पैसे भरून घेणार आहे की तिकडच्या मोबाइल कंपनीच्या ऑफरमध्ये. कारण तिकडून हमखास येणारं वाक्य म्हणजे, 'मामा, मला तर फुकटच मिळतोय.' फुकट काही नसतं. जुना फोन द्यायचा, महागडा प्लॅन घ्यायचा, आणि मग फोनची किंमत २४ किंवा ३६ महिने बिलातून थोडी थोडी वजा होते. तोवर फोन त्या कंपनीला बांधलेला. असा फोन इथे आणून जिओचं ई-सिम टाकलंत की 'सिम नॉट सपोर्टेड' अशी पाटी येते आणि विषय संपतो. पूर्वी बाजारात कार्डाखाली चिकटवायची एक पातळ चिप मिळायची, तिच्यावर लोक लॉक असलेले फोन कसेबसे चालवायचे. आता ट्रेच नाही तर चिप चिकटवणार कुठे? म्हणून ॲपलच्या दुकानातून किंवा साइटवरून, कुठल्याही कंपनीशी न जोडता, पूर्ण रक्कम भरून घेतलेलाच फोन हवा. हातात आल्यावर सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडा. 'कॅरियर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं पाहिजे. हा स्क्रीनशॉट भाच्याने विमानात बसायच्या आधी पाठवायला हवा. इथे उतरल्यावर दिसून उपयोग नाही, परत द्यायची मुदत आणि दुकान दोन्ही तिकडेच राहिलेलं असतं.

आता ई-सिमचं. तुमच्या चालू जिओ नंबरवरून १९९ वर मेसेज पाठवायचा असतो, त्यात नव्या फोनचा ३२ आकडी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) आणि १५ आकडी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक). दोन्ही अबाउटमध्ये सापडतात, नाहीतर *#०६# दाबा. नवा फोन वायफायवर ठेवा. ई-सिम सुरू झालं की जुनं कार्ड मेलं. आणि त्यानंतरचे २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. सिम बदलून होणारी फसवणूक रोखायला दूरसंचार खात्याने घातलेली अट आहे ती. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी हा उद्योग करू नका. शिवाय सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. या काळात 'तुमचं ई-सिम अर्धवट राहिलंय' म्हणून कुणाचा फोन आला तर सरळ कट करा.

फोन आईसाठी असेल तर मी मागवणार नाही. म्हाताऱ्या माणसाचा फोन पडतो, बंद पडतो, आणि तेव्हा शेजारचा पोरगा कार्ड काढून जुन्या डबा फोनमध्ये घालतो, पाच मिनिटांत काम होतं. ई-सिममध्ये ते होत नाही. तुम्ही स्वतः वापरणार असाल तर गोष्ट वेगळी.

पैशांचं बघू. कुठल्याही कंपनीशी न जोडलेल्या १७ ची तिकडची किंमत ८२९ डॉलर, पण तिकडे पाटीवरच्या भावात कर धरलेला नसतो. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे जवळपास ८८४ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर साडेएकोणऐंशी हजारांच्या पुढे. भारतातली छापील किंमत ८२,९००. बँकेच्या कार्डाची सूट आणि जुन्या फोनचे पैसे धरले तर फरक जवळजवळ पुसला जातो. (शेजारच्या डेलावेअर राज्यात विक्रीकर नाही आणि एडिसनहून गाडीने दीडेक तासात जाता येतं. पण भाच्याला तेवढ्यासाठी पिटाळणं शोभतं का, ते तुम्ही ठरवा.) प्रोमध्ये मात्र हिशेब बदलतो: तिकडे १,०९९ डॉलर, इथे १,३४,९००. कर धरूनही २९ हजारांच्या आसपास अंतर राहतं. वर ट्रे नसलेल्या प्रोमध्ये बॅटरीही थोडी मोठी बसवलीय.

पण मधे कस्टम्स आहे. लॅपटॉपला नियमात वेगळी सूट आहे, तशी मोबाइलला नाही, आणि लोक इथेच गफलत करतात. नवा फोन माणशी मिळणाऱ्या माफीच्या रकमेत मोजला जातो. बरीच वर्षं ५० हजारांपर्यंत माफी आणि वरच्या रकमेवर ३८.५ टक्के असा मामला होता. हे आकडे सरकार बदलत असतं, तेव्हा तिकीट काढल्यावर कस्टम्सच्या साइटवर चालू नियम वाचा. दोन प्रवाशांची माफी एकत्र करून एका महागड्या वस्तूवर लावता येत नाही.

वॉरंटीबद्दल: आयफोनची सेवा मूळ देशापुरती मर्यादित ठेवायचा हक्क ॲपलने अटींत राखून ठेवलाय. फोन घेण्याआधी साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला एलएल/ए मॉडेल सांगून विचारा, तोंडी 'होईल हो' वर जाऊ नका.

अँड्रॉइडचा विचार असेल तर तिकडून आणूच नका. अमेरिकी सॅमसंगवर इथे व्होल्टे चालू होत नाही अशी रड नेहमीची आहे, आणि जिओवर व्होल्टे नाही म्हणजे कॉलच नाही. स्वस्तातल्या तिकडच्या फोनांत ४० नंबरचा बँडही अनेकदा नसतो.

तेव्हा साधा १७ हवा असेल तर साताऱ्यातच घ्या, बिल आणि ट्रे दोन्ही मिळेल. प्रो हवा असेल, स्वतःसाठी हवा असेल आणि भाचा पूर्ण पैसे भरून आणणार असेल, तर मागवा.