फी भरण्याआधी कोर्ट पावसात बघ

रत्नागिरीत पिकलबॉलचं (पॅडल नावाच्या बॅटने भोकांचा प्लास्टिक चेंडू जाळीपलीकडे मारायचा खेळ) इनडोअर कोर्ट शोधतोयस ना, मग भर पावसातल्या एखाद्या संध्याकाळी जाऊन ये. उन्हाळ्यात सगळीच कोर्टं बरी दिसतात. आत शिरलास की आधी बूट घासून बघ. जुलैत आपल्याकडे फरशीलाही घाम फुटतो. गुळगुळीत काँक्रीटवर मी असाच मनगटावर आपटलो, दीड महिना पॅडल धरता आलं नाही. रबरी मॅट असेल तर तिच्या कडा उचलल्यात का, तेही बघ.

बरीच कोर्टं मुळात बॅडमिंटनची असतात. माप तेच, ४४ बाय २० फूट. पण बॅडमिंटनची सर्व्हिसची रेष जाळीपासून साडेसहा फुटांवर, आपली किचनची (जाळीजवळची जागा, जिथून चेंडू हवेतच मारता येत नाही) ७ फुटांवर. एकाच रेषेवर भागवत असतील तर सवय चुकीची लागते. जाळी मध्यभागी ३४ इंच हवी. टेप घेऊनच जा, लाजू नकोस. मागे पळायला जागा हवीच.

पंखे डोक्यावर नकोत, चेंडू भरकटतो. पत्र्याच्या शेडमध्ये पाऊस लागला की स्कोअर ओरडून सांगावा लागतो, तेवढं चालतं. चेंडू मात्र इनडोअरचा, २६ भोकांचा माग.