तुमचं 14.69 कुठून आलं, ते सांगतो

‘पूर्वेला 6 किमी, मग उत्तरेपासून पूर्वेकडे 30 अंशांवर 10 किमी, मग दक्षिणेला 4 किमी. छापील उत्तर 11.95, माझं 14.69. चुकतंय कुठे?’ तुमचा प्रश्न वाचला आणि हसूच आलं. माझे आकडे वेगळे होते, चूक हीच.

विचारलंय ते विस्थापन, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ रेषेतलं अंतर; ते आणि कापलेलं अंतर यांतला फरक तुम्हाला ठाऊक असणार, तो सोडतो. 10 किमीच्या टप्प्यात पूर्वेच्या घटकासाठी, म्हणजे तो टप्पा पूर्वेला किती नेतो त्यासाठी, तुम्ही कोसाइन घेतलाय. शाळेत कोन कायम आडव्या अक्षापासून मोजतो, त्यामुळे हात आपसूक ‘आडवं म्हणजे कोसाइन’ लिहून मोकळा होतो. इथे कोन उत्तरेपासून आहे. म्हणून उत्तरेचा घटक 10 × कोसाइन 30 = 8.66 आणि पूर्वेचा 10 × साइन 30 = 5. एकूण पूर्वेला 11, उत्तरेला 8.66 − 4 = 4.66. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ 11.95, दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे साधारण 67 अंश.

ही चूक लबाड आहे. मी सराव केला त्या गणितांत सगळे टप्पे तिरके आणि सगळे कोन उत्तरेपासून. प्रत्येक ठिकाणी साइन-कोसाइनची अदलाबदल केली की अख्खी आकृती ईशान्य-नैऋत्य रेषेत आरशासारखी उलटते, पण लांबी तीच राहते! किलोमीटर जुळायचे, दिशा कोण तपासतंय? नुसतं ‘ईशान्येला’ असेल तर 45 अंशांत दोन्ही घटक सारखेच, तिथेही पकडला जात नाही. परीक्षेत तिरक्या टप्प्याला सरळ पूर्वेचा टप्पा जोडून आला आणि पितळ उघडं पडलं. म्हणजे पडायला हवं होतं. माझं चुकीचं उत्तर पर्यायांत हजर होतं, त्यामुळे चूक उत्तरतालिकेचीच अशी माझी खात्री. फी भरून हरकत नोंदवली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: ‘बदल नाही.’ बस्स. चूक माझीच होती, मान्य. पण ‘कोन उत्तरेपासून मोजला आहे’ एवढे चार शब्द लिहायला काय जात होतं? नुसत्या ‘बदल नाही’वर मी पुढचे कित्येक आठवडे तोच घोळ घालत राहिलो.

तेव्हापासून सूत्रांचे तक्ते मी बाजूला ठेवले. बाण काढायचा आणि बघायचं: 30 अंश म्हणजे बाण उत्तरेकडे जास्त झुकलाय, मग उत्तरेचा घटक मोठा यायलाच हवा. कोन ज्या रेषेला चिकटलाय तिला कोसाइन. ‘पूर्वेपासून उत्तरेकडे 30’ म्हटलं असेल तर अर्थात उलट. कोन 240 असा, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने दिला असेल तर पूर्वेला साइन, उत्तरेला कोसाइन, उणे चिन्हं आपोआप येतात. मी शिक्षक नाही, तुमच्या सरांची पद्धत वेगळी असेल तर तीच धरा.

आणि दिशा काढताना उलट टॅनवर, म्हणजे दोन घटकांच्या भागाकारावरून कोन सांगणाऱ्या बटणावर, डोळे मिटून विसंबू नका. दोन्ही घटक उणे असले की भागाकार धन येतो, आणि कॅल्क्युलेटर नैऋत्येच्या माणसाला ईशान्येला नेऊन बसवतो. साइन 30 दाबल्यावर उणे 0.988 दिसलं, तर तो अंशांत नाही, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात आहे.