झालं बाई एकदाचं

“मॅडम, घरात मराठी बंद करू का?” स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांचे आईवडील हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी विचारतात. शाळा इंग्रजी, घर मराठी, त्यात मूल बोलत नाही. दोन भाषांनी त्याचा गोंधळ उडतोय, एकच काहीतरी ठेवा, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. ठेवायची ती भाषा मराठी असल्याचं मात्र मी अजून ऐकलेलं नाही.

प्राजक्ता माझ्याकडे आली तेव्हा तिच्या घरात मराठी बंद होऊन आठ महिने झाले होते. (नावं आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) ओजस साडेचार वर्षांचा. ऑटिझमचं निदान तिसऱ्या वर्षी झालेलं. आईबाबा दोघं नोकरीला, त्यामुळे दिवसभर तो आजीजवळ. आजी कराडकडच्या, इंग्रजीचा गंध नाही.

“त्याला एबीसीडी येते, रंग येतात, शंभरपर्यंत आकडे येतात,” प्राजक्ता म्हणाली, “पण पाणी मागता येत नाही हो.”

माझ्याशी बोलताना तिचे हात, भुवया, सगळं बोलत होतं. ओजसकडे वळली की आवाज एकदम सपाट व्हायचा. “ओजस, सिट डाऊन. ओजस, लुक ॲट मी.” आठ महिने त्या लेकराच्या वाट्याला आईचा हा दुसरा आवाजच आला होता.

ओजस खिडकीखाली बसून माझ्या टेबलावरच्या पेनांची टोपणं रांगेत लावत होता. वीसेक मिनिटांनी उठला, दाराशी जाऊन स्वतःचे बूट उचलून आणले, आईच्या मांडीवर ठेवले आणि अगदी म्हाताऱ्या माणसाच्या सुरात, शेवटी उसासा टाकत म्हणाला, “झालं बाई एकदाचं.”

प्राजक्ता ओशाळली. “हे असं मधूनच काहीतरी असंबद्ध. आईंचं ऐकून. म्हणून तर त्यांना सांगितलं, त्याच्यासमोर मराठी नको.”

“आणखी कधी म्हणतो?”

ती आठवू लागली. डोक्यावरून पाणी घेऊन झालं की. न्हाव्याच्या खुर्चीत. चुलत बहिणीच्या वाढदिवसाला, केक कापायच्याही आधी, स्पीकर मोठ्याने लागला होता तेव्हा. तिथे ती थांबली. मांडीवरच्या बुटांकडे बघत राहिली. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

पुढच्या वेळी मी आजींना मुद्दाम बोलावलं. त्यांच्याकडून उलगडा झाला. रोज रात्री ओटा पुसून, फडकं पिळून दांडीवर टाकताना त्या हे वाक्य म्हणतात. मग स्वयंपाकघरातला दिवा जातो, भांड्यांचा आवाज थांबतो, घर शांत होतं. ओजसने ते वाक्य त्या शांततेसकट उचललं होतं. पुरे आता, निघूया, हे सांगायला त्याच्यापाशी तेवढंच होतं आणि तो ते नेमक्या जागी वापरत होता.

ऐकलेली वाक्यं अशी जशीच्या तशी म्हणणं स्वमग्न मुलांमध्ये खूप आढळतं. ऑटिझमचं वर्णन १९४३ मध्ये मांडणारे बाल्टिमोरचे डॉ. लिओ कॅनर यांनी १९४६ मध्ये या बोलण्यावर वेगळा लेख लिहिला. त्यातल्या एका मुलाची आई बडबडगीत म्हणत असताना तिच्या हातून पातेलं पडलं. तेव्हापासून तो मुलगा पातेलं दिसलं की त्या गीतातले दोन शब्द म्हणायचा. परक्याला ते निरर्थक वाटणार, आईला नाही. पण त्यासाठी मूल कुठल्या घरात, कुठल्या बोलीत वाढतंय ते माहीत असावं लागतं. म्हणून मी पालकांना वही ठेवायला सांगते. वाक्य कुठलं, कधी म्हणाला, त्याआधी काय घडलं, एवढंच लिहायचं.

राहिला गोंधळाचा प्रश्न. कॅनडातला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, ७५ स्वमग्न मुलांचा. दोन भाषा कानावर पडणारी मुलं एकाच भाषेतल्या मुलांपेक्षा बोलण्यात मागे पडलेली आढळली नाहीत. इतर अभ्यासांतूनही असंच दिसलं आहे. तेव्हा भाषेमुळे मूल अडलं, ही टोचणी आईबापांनी मनातून काढून टाकावी. स्पीच थेरपी हवीच, ती सुरू ठेवावी. मी ओजसच्या थेरपिस्टशी फोनवर बोलले, त्यांनी मोकळेपणाने ऐकून घेतलं. हवं ते दाखवून मागायच्या त्याच्या चित्रकार्डांत स्नोमॅन होता, ॲपल पाय होता. त्यांच्या जागी प्राजक्ताने घरातल्या वस्तूंचे फोटो लावले. ताक, चप्पल, गॅलरीतला झोपाळा. कार्डं दिली तर तो तोंड उघडायचाच नाही, ही भीतीही पालकांना असते. तसं होत नाही. मागितलेलं मिळतं हे कळलं की मूल जास्त मागतं.

आजी मात्र मी बोलावलं त्या दिवशी कितीतरी वेळ पदराशी चाळा करत बसल्या होत्या. “मी बोलले की लेकराचं बिघडतंय म्हणत्यात. मग गप बसायचं. त्यो शेंगा लावत बसायचा, मी बघत बसायची. नातवाशी मुक्यानं ऱ्हायचं म्हंजे लई अवघड हाय, बाई.” प्राजक्ता उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. “आई, मला वाटलं बरं होईल त्यानं,” एवढंच म्हणाली.

हा प्रसंग गेल्या पावसाळ्यातला. ओजस आजही कमीच बोलतो. पाणी मागतो, ते “पानी दी” असं, आजीच्या हेलात. मोठे आवाज सोसत नाहीत ते नाहीतच. त्याच्या वर्गशिक्षिका केरळच्या, मराठी जेमतेम. प्राजक्ताने त्यांना वही दाखवली. त्यांनी ते वाक्य तिच्याकडून दोनतीनदा म्हणवून घेतलं आणि मल्याळी अक्षरांत हजेरीपुस्तकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवलं. पुढे लिहिलं आहे: पाच मिनिटं बाहेर, झाडापाशी.