कलम ३७७ न्यायालयाने मोडीत काढले, मग चळवळीने नेमके काय केले?

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७वे कलम अखेर पाच न्यायाधीशांनीच मोडीत काढले असेल, तर कार्यकर्त्यांना श्रेय कशाचे द्यायचे, असा तुमचा प्रश्न आहे. मी स्वतः समलिंगी असून हा लढा आपलाच मानत आलो आहे. माझ्या मते, या कायद्याने माणसांचे नुकसान होते याचा पुरावा चळवळीने उभा केला आणि तेच सर्वांत अवघड काम होते.

अवघड अशासाठी, की १८६०च्या दंडसंहितेतील या कलमाखाली संमतीच्या संबंधांवर खटले क्वचितच चालत, परंतु त्याचा धाक प्रत्येकाला असे. नव्वदच्या दशकात पुण्यातील एका बागेपाशी एका पोलिसाने 'घरी कळवू का?' एवढेच विचारून माझ्याजवळचे सगळे पैसे काढून घेतले. तक्रार करावी तर ती गुन्ह्याची कबुलीच ठरली असती. असे प्रसंग कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाहीत.

तिहार तुरुंगात कंडोम देण्यास नकार मिळाला, तेव्हा १९९४मध्ये एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाने दिल्ली उच्च न्यायालयात या कलमाला पहिले आव्हान दिले. ते टिकले नाही. २००१मध्ये एचआयव्ही-एड्सवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशन या संस्थेने नवी याचिका केली. त्याच वर्षी लखनौमध्ये एड्स प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना या कलमाखाली अटक होऊन सुमारे ४७ दिवस तुरुंगात काढावे लागले. तरीही २००४मध्ये याचिका फेटाळली गेली, कारण संस्थेला स्वतःला या कलमाची झळ बसलेली नाही, असे न्यायालयाचे मत पडले. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत पाठवल्यावर 'व्हॉइसेस अगेन्स्ट ३७७' ही आघाडी त्यात उतरली आणि पोलीस कोठडीतील छळाची प्रतिज्ञापत्रे प्रथमच न्यायाधीशांपुढे आली. २ जुलै २००९ रोजी मूळचे सोलापूरचे न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. एस. मुरलीधर यांनी अनुकूल निकाल दिला, त्यामागे ही प्रतिज्ञापत्रे होती.

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दीडशे वर्षांत दोनशेपेक्षाही कमी लोकांवर खटले झाले, हा त्यातील एक मुद्दा होता. तो वाचताना मला ती बाग आठवली, कारण त्या हिशेबात मी कोठेच नव्हतो.

संसदेकडूनही आशा नव्हती. २०१५मध्ये शशी थरूर यांचे खासगी विधेयक लोकसभेने मांडूच दिले नाही. मात्र तोवर माणसे नावानिशी पुढे येऊ लागली होती. आपल्या मुलांसाठी पालक न्यायालयात गेले, त्यांत रंगकर्मी चित्रा पालेकर होत्या. २०१६मध्ये नर्तक नवतेजसिंग जोहर आणि आणखी चौघांनी स्वतःच्या नावाने याचिका केली. ज्या कायद्याने आपण गुन्हेगार ठरतो, त्याच कायद्याविरुद्ध नाव देऊन उभे राहणे ही मोठी जोखीम होती, पण 'झळ कोणाला बसली?' या जुन्या प्रश्नाला त्यामुळे उत्तर मिळाले. ६ सप्टेंबर २०१८चा निकाल याच याचिकेवरचा आहे.

एक गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. याचिकांची मागणी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरती होती, संपूर्ण कलम पुसण्याची नव्हती, आणि निकालानेही तेवढाच भाग रद्द केला. जुन्या दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७च्या जागी काहीच नाही, त्यामुळे प्रौढ पुरुषावर झालेल्या बलात्कारासाठी स्वतंत्र कलम आज उपलब्ध नाही आणि चळवळीतील अनेकजण आता त्यासाठी झगडत आहेत.