नवीन प्रोसेसरसाठी लिहिलेलं कंपायलर बॅकएंड रिव्ह्यू करायचंय पण ती चिपच माहीत नाही, नेमकं काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की टीममधल्या एकाने नव्या चिपसाठी एलएलव्हीएम या कंपायलरचं बॅकएंड, म्हणजे त्या चिपचा मशीन कोड बनवणारा भाग, लिहिलंय, सगळा पॅच (कोडमधला बदल) एकदम आलाय, आणि तुम्ही ऑप्टिमायझरवर काम करता म्हणून रिव्ह्यू तुमच्या गळ्यात पडलाय. चिपचं मॅन्युअल हातात आहे पण चिपशी ओळख नाही.

ओळख नाही याचं टेन्शन घेऊ नका, उलट ते बरंच आहे. ज्याला चिप पाठ असते तो वाचताना गाळलेल्या जागा मनातल्या मनात भरत जातो आणि कोडमध्ये ती गोष्ट खरंच लिहिलीये की नाही हे त्याच्या लक्षातही येत नाही. तुम्ही मात्र प्रत्येक ठिकाणी विचारू शकता, हे मॅन्युअलमध्ये कुठे आहे, सेक्शन सांग. लाजायचं नाही, हाच तुमचा मुख्य प्रश्न आहे.

आणि वाचताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. बॅकएंडमध्ये नेहमीसारखा कोड कमी असतो आणि दावे जास्त असतात. टेबलजेनच्या (एलएलव्हीएममधली इन्स्ट्रक्शनच्या व्याख्या लिहायची भाषा) फाइलमध्ये लिहिणारा सांगतो की ही इन्स्ट्रक्शन अमुक रजिस्टर (चिपच्या आतली छोटी साठवणीची जागा) वाचते, तमुक लिहिते, मेमरीला हात लावत नाही, चार बाइटची आहे. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या मशीन डिस्क्रिप्शनमध्येही तेच, फक्त भाषा वेगळी. कंपायलरचा उरलेला सगळा भाग या दाव्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवतो, त्यामुळे एखादा दावा चुकीचा असेल तर तो तिथल्या तिथे फुटत नाही, चार पास (कंपायलरचे टप्पे) पुढे जाऊन भलत्याच फंक्शनमध्ये फुटतो आणि मग लोक आठवडाभर रजिस्टर अलोकेटरला (कुठली व्हॅल्यू कुठल्या रजिस्टरमध्ये ते ठरवणारा भाग) शिव्या घालतात. म्हणून सी-प्लस-प्लसचा भाग सुबक आहे का, नावं बरी आहेत का यात जीव घालवण्याआधी एका बाजूला मॅन्युअल आणि एका बाजूला इन्स्ट्रक्शनच्या व्याख्या घेऊन बसा.

सगळ्यात जास्त वेळ कुठे द्यायचा तर जे लिहिलेलं *नाही* तिथे. समजा चिपमध्ये कंडिशन फ्लॅग (तुलनेचा निकाल ठेवणारे बिट) आहेत आणि बेरीज केली की ते बदलतात, पण बेरजेच्या व्याख्येत फ्लॅग बदलतात हे लिहायचं राहिलं. छोट्या टेस्टमध्ये काही होणार नाही, तुलना केली, लगेच ब्रँच (तो निकाल बघून मारायची उडी) आली, सगळं छान. मग कोणीतरी मोठं फंक्शन कंपाइल करतं, त्यात रजिस्टर कमी पडतात, तुलना आणि ब्रँचच्या मधोमध स्टॅकवरून एक व्हॅल्यू परत आणावी लागते, स्टॅकवरचं अंतर इमिजिएटमध्ये (इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेल्या आकड्याच्या जागेत) मावत नाही म्हणून पत्ता काढायला तिथे एक बेरीज घुसते, आणि त्या बेरजेने तुलनेचा निकाल पुसला. ब्रँच उलटी गेली. सोर्समध्ये ती बेरीज कुठेच नाही, त्यामुळे वाचून कोणाला सापडणार. रिव्ह्यूमध्ये मात्र हे दोन मिनिटांचं काम आहे: मॅन्युअलमध्ये फ्लॅग बदलणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा तक्ता असतो, तो व्याख्यांशी एकेक करून ताडून बघा.

त्याच जातीची दुसरी भानगड म्हणजे मेमरी वाचते, मेमरी लिहिते, साइड इफेक्ट आहे या तीन खुणा. पॅटर्न (ही इन्स्ट्रक्शन कुठल्या कामासाठी निवडायची त्याचा नमुना) दिलेला असेल तर टेबलजेन या खुणा स्वतः काढतं, पण ज्या इन्स्ट्रक्शनला पॅटर्न नाही, म्हणजे ज्या सी-प्लस-प्लसमधून निवडल्या जातात, त्यांचं काय ते लिहिणाऱ्यालाच सांगावं लागतं. आणि बऱ्याचदा होतं काय की वॉर्निंग किंवा स्लो कोड टाळायला कोणीतरी अख्ख्या गटावर साइड इफेक्ट नाही असं एकच लेबल लावून टाकतं, आणि त्या गटात एखादा लोड (मेमरी वाचणारी इन्स्ट्रक्शन) निवांत बसलेला असतो ज्यावर मेमरी वाचते ही खूण नाही. आता इन्स्ट्रक्शनचा क्रम लावणाऱ्या शेड्युलरच्या दृष्टीने तो लोड कुठल्याही स्टोअरच्या (मेमरीत लिहिणारी इन्स्ट्रक्शन) अलीकडे-पलीकडे सरकवायला मोकळा. असं गटाला लावलेलं लेबल दिसलं की थांबा आणि गटातली प्रत्येक इन्स्ट्रक्शन बघा, कंटाळा आला तरी.

इमिजिएटच्या हद्दी हा माझा आवडता भाग, कारण इथे चिप माहीत नसलेला माणूससुद्धा नेमकं बोट ठेवू शकतो. रिस्क-फाइव्ह या खुल्या इन्स्ट्रक्शन सेटचं उदाहरण घेतो कारण ते सगळ्यांना बघता येतं. तिथे ३२ बिटांचा कॉन्स्टंट दोन तुकड्यांत बनतो, वरचे २० बिट एका इन्स्ट्रक्शनने आणि खालचे १२ बिट बेरजेने, पण हे १२ बिट साइन्ड आहेत, −२०४८ ते २०४७. भोळेपणाने नुसते तुकडे पाडले तर २०४७ बरोबर येतं आणि २०४८ मागितलं की −२०४८ मिळतं, कारण खालच्या तुकड्याचा सगळ्यात वरचा बिट साइन म्हणून वाचला गेला. बरोबर उत्तर म्हणजे वरच्या तुकड्यात एक वाढवायचा, म्हणजे ४०९६ वजा २०४८. आणि ६४-बिट चिपवर २१४७४८३६४७ ला परत वेगळा घोळ होतो, तिथे वरचा तुकडा वाढवला की तो निगेटिव्ह होतो आणि मग साधी बेरीज चालत नाही, ३२-बिट बेरीज करून साइन-एक्स्टेंड करणारी इन्स्ट्रक्शन लागते. तुमच्या चिपचे आकडे वेगळे असतील पण हद्दीवरचे आकडे आणि त्यांच्या पलीकडचा एकेक आकडा टेस्टमध्ये आहे का एवढं बघायला चिप कशाला यायला हवी. स्टॅक फ्रेमलाही हेच लावा, इमिजिएटमध्ये मावणार नाही एवढा मोठा लोकल ॲरे असलेलं फंक्शन टेस्टमध्ये नसेल तर मागा. ब्रँचलाही तेच, रिस्क-फाइव्हची कंडिशनल ब्रँच साधारण ४ किलोबाइट मागे-पुढे पोचते, त्यापुढे उलटी कंडिशन करून जंप घालावी लागते, आणि अंतर मोजायला कंपायलर परत त्या चार बाइटच्या दाव्यावरच अवलंबून असतो. स्यूडो इन्स्ट्रक्शन (नंतर खऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये बदलणारी) चार बाइटची म्हणून लिहिली आणि नंतर तिच्या दोन झाल्या, की हिशोब बोंबलला.

आता एबीआय, म्हणजे फंक्शनांनी एकमेकांना आर्ग्युमेंट कसे द्यायचे वगैरेचे ठरलेले नियम. इथे लिहिणाऱ्याने केलेल्या टेस्टवर अजिबात जाऊ नका, कारण कॉल करणारं आणि कॉल घेणारं दोन्ही फंक्शन त्याच कंपायलरने बनवलेलं असतं, दोघं सारखेच चुकतात आणि टेस्ट हिरवी. उदाहरण द्यायचं तर ३२-बिट रिस्क-फाइव्हवर साध्या फंक्शनला एक पॉइंटर आणि मग ६४-बिटचा आकडा दिला तर आकडा ए१ आणि ए२ या रजिस्टरमध्ये जातो, पण प्रिंटएफसारख्या व्हेरिएबल आर्ग्युमेंटवाल्या फंक्शनला तोच आकडा दिला तर ए१ रिकामं सोडून ए२-ए३ ची जोडी वापरायची असा नियम आहे. असले नियम एबीआयच्या डॉक्युमेंटमध्ये एका ओळीत असतात आणि बॅकएंडमध्ये हमखास सुटतात. त्यामुळे चिपला दुसरा कुठला कंपायलर असेल तर कॉल करणारी फाइल एकाने आणि कॉल घेणारी दुसऱ्याने कंपाइल करून जोडून चालवलीये का विचारा. लहान स्ट्रक्ट, रिकामं स्ट्रक्ट, फ्लोट आणि इंट एकत्र असलेलं स्ट्रक्ट, रजिस्टर संपल्यावर अर्धं स्टॅकवर जाणारं आर्ग्युमेंट, हे सगळं त्यात आलं पाहिजे. दुसरा कंपायलरच नसेल तर एबीआय लिहिलेलं डॉक्युमेंट तरी हवं, तोंडी एबीआय मान्य करू नका.

ॲटॉमिक्स (मध्ये दुसऱ्या कोणाला घुसू न देता एकदम होणारी मेमरीची कामं) असतील तर एकच प्रश्न विचारा: लोड-रिझर्व्ह आणि स्टोअर-कंडिशनलचा लूप (वाचून राखून ठेवायचं, मध्ये कोणी हात लावला नसेल तरच लिहायचं, नाहीतर परत पहिल्यापासून) खऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये केव्हा उलगडतो, रजिस्टर अलोकेशनच्या आधी की नंतर? आधी उलगडत असेल तर ऑप्टिमायझेशन बंद असताना अलोकेटर त्या दोघांच्या मध्ये स्टॅकवर लिहिणारी इन्स्ट्रक्शन घालू शकतो, आणि काही चिपवर तेवढ्याने रिझर्व्हेशन उडतं, लूप जन्मभर फिरत राहतो. रिस्क-फाइव्हच्या स्पेसिफिकेशनमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की लूप पुढे सरकण्याची हमी हवी असेल तर मध्ये लोड-स्टोअर नको आणि लूप फार तर १६ इन्स्ट्रक्शनचा हवा. एम्युलेटरवर हे बहुधा दिसणारही नाही, म्हणून कोड वाचूनच पकडायचं.

टेस्टबद्दल थोडं बोलतो कारण तिथे भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो. एलएलव्हीएममध्ये अपेक्षित आउटपुट आपोआप लिहून देणारी स्क्रिप्ट आहे, छान आहे, सगळे वापरतात, पण ती कंपायलरने जे छापलं तेच बरोबर म्हणून लिहून ठेवते. म्हणजे टेस्ट पास झाली याचा अर्थ काल छापलं तेच आज छापलं, बस. त्यातल्या थोड्या फाइल्स तरी मॅन्युअल घेऊन हाताने वाचा, विशेषतः शिफ्ट, साइन्ड-अनसाइन्ड तुलना आणि भागाकार. एनकोडिंगसाठी (इन्स्ट्रक्शनचे बाइट्स) असेंबलर आणि डिसअसेंबलर एकमेकांशी जुळतात एवढ्यावर समाधान मानू नका, दोघं एकाच व्याख्येतून निघतात त्यामुळे चूक असली तरी जुळणारच, बाइट्स मॅन्युअलमधून किंवा चिपवाल्यांच्या असेंबलरमधून आलेले हवेत. जीसीसीच्या टॉर्चर टेस्ट आणि सीस्मिथ या टूलने बनवलेले रँडम प्रोग्राम एम्युलेटरवर वेगवेगळ्या ऑप्टिमायझेशन लेव्हलला चालवून निकाल ताडले का, आणि मशीन व्हेरिफायर (बॅकएंडने बनवलेला कोड नियमात बसतो का ते तपासणारा भाग) चालू ठेवून चालवले का, हे विचारा. व्हेरिफायर चालू केल्यावर पडणारं बॅकएंड मी तरी पुढे जाऊ देत नाही.

शेड्युलिंग मॉडेलवर (कुठली इन्स्ट्रक्शन किती वेळ घेते याची माहिती) शक्ती घालवू नका. निकाल यायची वाट चिप स्वतःच बघत असेल तर लेटन्सी (लागणारा वेळ) चुकली तरी कोड हळू चालेल, चुकीचा नाही चालणार; तेवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्या. नंतर बेंचमार्क लावून दुरुस्त करता येतं.

हे सगळं एका अवाढव्य पॅचमध्ये बघणं अशक्य आहे, म्हणून पहिली कमेंट हीच टाका की तुकडे करून आण. आधी टार्गेटचं, म्हणजे चिपचं, नाव आणि ईएलएफमधला (प्रोग्राम फाइलचा फॉरमॅट) मशीन नंबर, मग रजिस्टर आणि इन्स्ट्रक्शनच्या व्याख्या असेंबलर-डिसअसेंबलरसकट, मग एक बेरीज करून परत येणारं फंक्शन, मग कॉल, स्टॅक, ब्रँच, आणि शेवटी ॲटॉमिक्स वगैरे. एलएलव्हीएममध्ये रिस्क-फाइव्ह असंच छोट्या छोट्या पॅचच्या मालिकेने आलं आणि आजही नवीन टार्गेट लिहिणाऱ्यांना तेच दाखवतात. तुकडे करताना लिहिणाऱ्यालाच निम्म्या चुका सापडतात, शिवाय दुसऱ्या बॅकएंडमधून उचललेला कोड उघडा पडतो. उचलणं गुन्हा नाही, सगळेच उचलतात, पण स्पार्क किंवा मिप्समधून आणलेल्या फंक्शनमध्ये डिले स्लॉटची (ब्रँचच्या लगेच पुढची इन्स्ट्रक्शन उडीच्या आधी चालते ती जागा) तजवीज तशीच राहिलीये आणि तुमच्या चिपला डिले स्लॉटच नाही, असलं काही दिसलं की तो भाग समजून न घेता आणलाय हे कळतं, तिथे जास्त खोदा.

पुढे हे मुख्य एलएलव्हीएममध्ये द्यायचा विचार असेल तर आत्ताच ठरवा की सांभाळणार कोण. तिथे नवीन टार्गेट आधी एक्सपेरिमेंटल म्हणून येतं, डिफॉल्ट बिल्डमध्ये धरत नाहीत, आणि अधिकृत व्हायला किमान ३ महिने आत राहून बिल्डबॉट (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारं मशीन) चालू ठेवावा लागतो, इन्स्ट्रक्शन सेटचं आणि एबीआयचं डॉक्युमेंट किंवा सिम्युलेटर-हार्डवेअर यातलं काहीतरी लोकांना उपलब्ध हवं, सांभाळणारा माणूस नावानिशी हवा. जीसीसीत नवीन पोर्टला स्टीअरिंग कमिटीची मान्यता लागते. तुमचं मॅन्युअल गोपनीय असेल तर हे सगळं तिथेच अडू शकतं, आणि ते सोडवणं रिव्ह्यू करणाऱ्याच्या हातात नाही, मॅनेजरला आजच कळवून टाका.